शिरांचा निळा रंग

माझे वडील शाळांसाठी तक्ते रंगवायचे. तीस वर्षं त्यांनी धमन्या लाल आणि शिरा निळ्या रंगवल्या. आमच्या लॅबच्या भिंतीवरचा हृदयाचा तक्ताही त्यांच्याच हातचा. म्हणूनच मी त्यांचं रक्त काढलं तेव्हा नळीकडे बघून त्यांनी माझ्यावरच डोळे वटारले.

"चुकलीस. सुई धमनीत घातलीस."

"बाबा, शिरेतलंच रक्त आहे."

"मग लाल कसं?"

"शिरेतलंही लालच असतं, फक्त काळपट. ऑक्सिजन कमी असतो ना! निळा रंग नुसता ओळखू यावा म्हणून देतात."

"मला कुणी सांगितलं नाही कधी."

"तुम्ही विचारलंत कधी?"

बाहेर बारा माणसं उपाशीपोटी ताटकळत होती आणि हे कोपराशी कापूस दाबून तक्त्याकडे टक लावून बसलेले. शेवटी माझं डोकंच फिरलं.

"एवढं खुपतंय तर बदला ना रंग!" मी म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर डॉक्टर तक्त्यासमोर कपाळाला हात लावून उभे. एकूण एक शीर काळपट लाल. हृदयाकडे येणारी शीर कुठली आणि हृदयातून निघणारी धमनी कुठली, ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. बाबा शेजारीच शांतपणे ब्रश पुसत होते.

"हे कुणाला विचारून केलंत?" डॉक्टर कडाडले.

बाबांनी अभिमानाने तक्त्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांच्या जुन्या सहीखाली, ओल्या रंगात, लिहिलं होतं: 'मुलीने तपासून दिले.'