अंताल्याला जायची कारणं

कपाटाच्या आतल्या खणाची किल्ली फिरली आणि 'टक्' असा आवाज झाला. दुपारच्या शांततेत तो हॉलपर्यंत आला. मैथिलीने डोळे उघडले. शेजारी आभा तोंड उघडं टाकून झोपली होती, एक पाय आईच्या पोटावर. तो पाय हलकेच बाजूला ठेवून मैथिली उठली.

या वेळी सुजीत कधी घरी येत नसे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या त्याच्या फॅक्टरीत मेंटेनन्स इंजिनियरला दुपारची झोप माहीत नव्हती. पण तो बेडरूममध्ये होता. पलंगावर त्याची डिग्री, आभाचा जन्मदाखला, लग्नाचा अल्बम. उद्या सकाळी आठवडाभरासाठी तुर्कस्तानातल्या अंताल्याला निघायचं होतं. बॅग भरून झाली होती. आता अल्बम मावावा म्हणून त्याने आभाचा पोहायचा ड्रेस काढून खुर्चीवर टाकला होता.

"सुट्टीला जाताना अल्बम नेतात?"

"हळू बोल." त्याने दार लोटून घेतलं. "दगडू वाचत नाही म्हणतात."

दगडू सुजीतच्या हाताखालचा कामगार, राजापूरकडचा. महिन्याच्या सुरुवातीला फॅक्टरीतली टाकी धुवायला आत उतरला आणि आतल्या वायूने बेशुद्ध पडला. हे मैथिलीला ठाऊक होतं. बरा होतोय, असं सुजीत रोज सांगत होता. आत उतर म्हणणारा सुजीतच होता, हे तिला आज कळत होतं. हवा तपासायचं यंत्र बिघडलं होतं आणि माल पाठवायची घाई होती.

"तो गेला तर पोलीस केस. केस खलास होईपर्यंत कंट्री सोडता येत नाही. वर्षं जातात, मैथिली. अंताल्याहून आपण परस्पर मुंबईला जायचं."

"परत यायचंच नाही?"

"इंडियाला जातो म्हटलं असतं तर मॅनेजरला लगेच वास आला असता. तुर्कस्तानला कोण पळून जातं? तिथे माणसं मजा करायला जातात."

मैथिली पलंगाच्या कडेवर बसली. दगडू पडला त्याच आठवड्यात सुजीतने ट्रॅव्हल एजंटचं रंगीत पत्रक आणलं होतं. एरवी सुट्टीचं नाव काढलं की वैतागणारा माणूस रोज जेवताना नवं कारण सांगायचा. सकाळी बर्फाचे डोंगर बघायचे आणि दुपारी भूमध्य समुद्रात डुंबायचं. रस्त्याच्या कडेला संत्र्याची झाडं, वसंतात सगळ्या गावाला त्या फुलांचा वास. दोन हजार वर्षांपूर्वीचं नाट्यगृह, खाली कुजबुजलं तरी वरच्या पायरीवर ऐकू येतं. शाकाहारी माणसाचे हाल नाहीत, वांग्याचेच म्हणे असंख्य प्रकार. आभा तर पत्रकातल्या निळ्या पाण्यावर बोट फिरवत झोपायची.

"आणि राजाभाऊ?" मैथिलीने विचारलं.

सुजीत अल्बमवरची धूळ पुसत राहिला.

पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचे. नेहमीच्या रजेशिवाय मध्येच बाहेर जायचं तर कंपनीबाहेरच्या कुणाचा तरी पासपोर्ट हमी म्हणून ठेवावा लागे. गेलेला माणूस परतला की तो सुटायचा. समोरच्या फ्लॅटमधल्या राजाभाऊंनी आपला ठेवला होता. त्यांच्या शोभनावहिनी पुण्यात होत्या, मुलीच्या, संपदाच्या लग्नाच्या तयारीत. लग्न मे महिन्यात.

राजाभाऊ आधी कचरले होते. त्यांच्याकडे गेली होती मैथिली. सुजीतची सगळी कारणं तिने त्यांना सांगितली, वर स्वतःचं एक घातलं: आभाने अजून झाडावरचं फूल तोडलेलं नाही हो, तिला फुलं म्हणजे दुकानातली वाटतात. राजाभाऊ हसले होते. "सुजीतला दिला नसता हं. तू मागतेस म्हणून देतो."

"त्यांना निदान सांगूया," ती म्हणाली.

"सांग ना. जा. ते पासपोर्ट परत मागतील, कंपनी माझा काढून घेईल. मग मी आत आणि तुम्ही दोघी इथे. व्हिसा माझ्या नावावर आहे, विसरू नकोस."

संध्याकाळी ती पलीकडे गेली. दार उघडंच होतं. राजाभाऊ आरशासमोर जोधपुरी कोट घालून उभे होते, खाली पायजमा.

"ये गं. खरं सांग, विहीणबाई घाबरतील का?"

"छान दिसतोय."

"छान नाही, घट्ट झालाय. शोभना म्हणेल, एकटं राहून काय खाल्लंत. तुझ्याच घरचं खाल्लं, म्हणून सांगणार आहे." त्यांनी कपाटातून माकडटोपी काढली. "ही आभाला. डोंगरावर गार असेल. हसू नकोस, कान महत्त्वाचे."

"राजाभाऊ, मला जरा…"

"काय?"

त्यांच्या कोटाच्या खांद्यावर दुकानाचा कागदी बिल्ला तसाच होता. मैथिलीने पुढे होऊन तो काढला. कागद बोटांत चुरगळला. आभा पलीकडून हाक मारत होती, केस विंचरून द्यायला.

"काही नाही. जेवायला या. पिठलं केलंय."

सकाळी राजाभाऊंनीच त्यांना दुबई एअरपोर्टला सोडलं. रस्ता मोकळा होता. सुजीतचा फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा त्याने नाव बघून तो बंद केला. मागच्या सीटवरून मैथिलीला त्याची मान दिसत होती, एसी असूनही घामाने चमकणारी.

"फॅक्टरी वाटतं?" राजाभाऊ म्हणाले. "घेऊ नकोस. सुट्टी म्हणजे सुट्टी. परतीचं विमान कधी?"

"शुक्रवारी. संध्याकाळी," सुजीत म्हणाला. अगदी सहज.

"मग मी येतो घ्यायला. टॅक्सी करू नका उगाच." त्यांनी बॅगा उतरवून दिल्या आणि वाकून आभाची टोपी कानांवरून नीट ओढली. "माझ्यासाठी संत्र्याचं फूल आणशील ना गं?"

"शुअर, काका."

काचेचं दार सरकलं. आत पासपोर्ट तपासणीची रांग मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. सुजीत भराभर पुढे गेला आणि वळून त्याने हाताने खूण केली, यल्ला, चल लवकर. मैथिलीचे पाय दाराशीच अडले. मागे वळली तर बाहेर राजाभाऊ गाडीला टेकून अजून हात हलवत होते. ओरडलं तर ऐकू जाईल एवढ्याच अंतरावर.

आभाने तिचा हात ओढला. टोपीतून फक्त डोळे आणि नाक दिसत होतं.

"मम्मा, फ्रायडेला आपण लेट झालो तर, हाऊ लाँग विल काका वेट?"