डाव्या शिंगाचं टोक

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेलं नाही. तरी ऐका, कारण गप्प राहिलं की माझं डावं शिंग शिवशिवतं.

मी एक जुनी शिंगांची जोडी आहे. कॅनडातल्या रेजिनामध्ये पास्कलच्या बेसमेंटात, घर तापवणाऱ्या फर्नेसशेजारच्या भिंतीवर मला टांगलं आहे. खाली गालिच्यावर त्याची मुलगी निकोल आणि तिच्या मैत्रिणी बसल्या आहेत. एक जण आत्ताच जांभई देते आहे. देऊ दे.

माझा जन्म पांढऱ्या शेपटीच्या एका हरणाच्या डोक्यावर झाला. बैलाची शिंगं जन्मभर एकाच जागी बसतात, आमचं तसं नाही. दर हिवाळ्यात मी गळून पडायचे आणि वसंतात पुन्हा फुटायचे, आधीपेक्षा मोठी. स्वस्थ बसणं मला कधी मानवलंच नाही. आणि भरात आले तेव्हाचा तो थाट! दक्षिणेकडे निघालेले हंस माझ्या फांद्यांवर रांग लावून दम खायचे. एकदा तर आकाशात नाचणारा हिरवा उजेड माझ्यात अडकला. तो सोडवताना हरणाची मान लचकली.

मग एका नोव्हेंबरात पास्कलची गोळी लागली. हरणाचं धावणं थांबलं, माझ्यातलं मात्र अजून थांबलेलं नाही.

पास्कल मूळचा वसईचा, इथे इलेक्ट्रिशियन. त्याच्या शिकारी क्लबात एक पाटी आहे. शिंगं दीडशे इंच भरली तरच तिच्यावर नाव लागतं. त्याचा मित्र डेस्मंड याचं नाव तिथे कधीचं लागलेलं. दर रविवारी मिसा संपली की चर्चच्या पायऱ्यांवर तो विचारायचा, "काय पास्कल, यंदा ससा तरी?" पास्कल हसायचा, पण घरी येताच बंदूक पुसायला बसायचा.

आमची मोजणी मोठी चमत्कारिक असते. दांड्यांची लांबी, फांद्यांची लांबी, जाडीचे घेर, दोन शिंगांमधलं अंतर, सगळ्याची बेरीज. मग डावं-उजवं ताडून बघायचं आणि जेवढा फरक तेवढं वजा. म्हणजे एक फांदी तुटली की मार दोनदा! त्यात शिंग वाळताना आक्रसतं, म्हणून दोन महिने वाळल्याशिवाय अधिकृत मोजणी होत नाही. ओली असताना मी दीडशेच्या जेमतेम वर होते.

पास्कलने मला फर्नेसपाशी स्टुलावर ठेवलं. रोज सकाळी चहाआधी तो टेप घेऊन हजर.

"पोरीला ताप आला तेव्हा एकदा तरी थर्मामीटर लावलास का?" त्याची बायको सेलीन म्हणायची.

सेलीनला वसईसारखे सुके बोंबील हवे होते. तिने ग्रोसरीतून फ्रोझन बोंबील आणले, मीठ लावलं, आणि जबड्यात जबडा अडकवून त्यांच्या जोड्या सरळ माझ्या फांद्यांवर टांगल्या.

"सेलीन! शिंग आहे ते, बोंबील वाळवायचा मांडव नाही!"

"दोघांनाही वाळायचंच आहे ना? वाळू देत की!"

मी शहारले. मासे कधी माझ्या अंगाखांद्यावर खेळले नव्हते. पण खरा घात पुढेच होता. मोजणीच्या आदल्या दिवशी डेस्मंड आला, सोबत त्याचा काळा लॅब्राडोर. मोठी माणसं वर चहा घेत होती आणि कुत्रा वासावर खाली उतरला. बोंबील गेले ते गेलेच, त्यांच्याबरोबर माझ्या डाव्या फांदीचं चांगलं इंचभर टोकही गेलं.

डेस्मंडला त्या दिवशी सशाची आठवण झाली नाही. "सॉरी, मॅन," एवढंच म्हणाला. पास्कल बेसमेंटच्या जिन्यावर बसून राहिला.

आता मात्र कान इकडे द्या! त्याच रात्री माझ्या अंगात वसंत शिरला. बाहेर बर्फाचे ढीग, आणि इथे माझ्या डाव्या फांदीला नवं टोक फुटलं, पहिल्यापेक्षा टोकदार. सकाळी क्लबचे मोजणीदार चंद्रकांतकाका आले. काकांनी चष्मा पुसला, पातळ पोलादी पट्टी उजव्या शिंगावर फिरवली, मग डाव्या. पुन्हा फिरवली. म्हणाले, "वा! दीडशेच्याही वर!" पाटीवर सोनेरी अक्षरांत पास्कलचं नाव चढलं आणि डेस्मंडने चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांसमोर टोपी काढली. तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, शिंगांवर बोंबील वाळत घालू नका, आणि लक्षात ठेवा, धीर धरला की तुटलेलंसुद्धा पुन्हा...

"दॅट्स सच अ लाय!" निकोल ताडकन उभी राहिली. "काही उगवलं नव्हतं. तो मी चिकटवलेला माझा क्ले होता! आणि काकांची पट्टी डावीकडे यायच्या आधी डॅडीनेच तो तोडून त्यांच्या हातात दिला. आय वॉज राइट देअर!"