भांड्यांची भिंत

"अहो, ही भिंत आहे की नक्षी!" वरच्या मजल्यावरची मास्तरीणबाई माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली. बरोबर तिची मैत्रीण होती, खास दाखवायला आणलेली. "बघ, म्हटलं नव्हतं तुला? एवढ्या मोठ्या झाऱ्याशेजारी चिमुकली गाळणी, तिच्याशेजारी जाडजूड सांडशी. आम्हाला मेलं सुचतच नाही असं काही."

"त्यात सुचायचंय काय?" मी म्हणाले. "भांडी आहेत, टांगली. कपाटात कोंडली की रुसतात."

दोघी हसल्या. मैत्रिणीने फोटोही काढले असावेत. जाताना मास्तरीणबाई म्हणाली, "हॅलोबाई, तुमच्या हातात कला आहे हो." फुकटची स्तुती कुणाला नको असते? मला तर हवीच असते. त्या दोघी गेल्या की घरात बोलायला मी आणि गळका नळ.

पण कलाबिला काही नाही. ती भिंत बघायची नाहीच, चाचपायची आहे. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, "नजरेचं मधलं गेलंय, कडेचं राहील." म्हणजे दार दिसतं, दारात उभं राहिलेलं माणूस दिसतं, पण चेहऱ्याच्या जागी ओल्या फडक्याने पुसल्यासारखं. वाचणं तर संपलंच. "काही औषध?" विचारलं, तर म्हणाला, "आता उशीर झालाय, आजी." आजी म्हणाला, तेव्हाच मी काय ते समजले.

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. समोर भोकांचा भलाथोरला बोर्ड आणि हातात वायरी. नव्या मुली डोळे फाडून नंबर शोधायच्या. आम्हा जुन्यांचे हात आपोआप जायचे, तोंडाने गप्पा चालू. हॅलोबाई हे नाव तिथलंच, ते पुढे गल्लीभर झालं. तर डॉक्टरकडून आले आणि सुताराला बोलावलं. भिंतीवर फळी ठोकून घेतली, तिच्यावर रांगेने हूक. नियम एकच, दोन सारख्या वस्तू शेजारी नाहीत. मोठ्याला लहान, जाडाला बारीक, म्हणजे हात चुकला तर हातालाच कळतं. सुरी उजव्या टोकाला, पातं भिंतीकडे. साखर पत्र्याच्या डब्यात, चहापत्ती लाकडी डब्यात, मीठ चिनी मातीच्या बरणीत. सुरुवातीला बोटं भाजली, कपबशा फुटल्या, माझ्या तोंडून शिव्याही गेल्या. मग हात शिकले.

हे कुणाला सांगितलं नाही. मुलीला तर नाहीच नाही. तिचे बाबा गेले तेव्हापासून तिचा एकच घोशा. "आई, तुला एकटीला झेपत नाहीये असं जरा जरी दिसलं ना, तर मी काही ऐकणार नाही. सरळ घेऊन जाईन." तिचं घर चांगलं आहे, जावई भला माणूस. पण तिथे मला हॉलमधला दिवाण. आल्या-गेल्याने त्यावर बसायचं, मी पाय आखडून घ्यायचे. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की जावई म्हणणार, "आई, तुम्ही बसा हो." बसा, बसा! बसून बसूनच माणूस संपतं. इथे माझा चहा मी करते. मला दुसरं काही नको, तेवढं हवं आहे.

शनिवारी मुलगी आली, दोन दिवस राहायला. मी तिला भाजी-भात करून वाढला, दूध तापवलं, उतू जाऊ दिलं नाही. आवाजावरून कळतं ते. तीही खूश झाली. "आई, अजून तशीच खमकी आहेस हं!" मनात म्हटलं, हॅलोबाई, पास झालीस.

रविवारी दुपारी मला म्हणते, "मास्तरीणबाईंनी वर बोलावलंय तुला." गेले. एरवी दोन शब्द बोलून तिसऱ्याला वह्या तपासायला बसणारी ती बाई मला उठूच देईना. तिच्या गुडघ्यांची सगळी कहाणी ऐकवली. पाणी कुठेतरी मुरतंय हे माझ्या लक्षात आलं, पण कुठे ते कळेना. खाली आले तर मुलगी दारातच.

"डोळे मीट! मीट ना गं!" लहान पोरीसारखी माझा हात धरून तिने मला आत नेलं. "हां, आता उघड."

उघडले. भिंतीच्या जागी नुसतं लखलख काहीतरी.

"तुझं सगळं अस्ताव्यस्त होतं गं, लहान-मोठं कसंही. आता बघ, उंचीप्रमाणे लावलंय. डावांचा नवा सेट आणलाय, सगळे एका छापाचे. बरण्यापण काचेच्या, एकसारख्या. वर नावं लिहिलीत मी, माझ्या हाताने. जुने डबे दिले टाकून. सुऱ्यांना चुंबकाची पट्टी. कसं दिसतंय?"

पोटच्या पोरीने प्रेमाने माझे हात काढून घेतले होते, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"अगं बाई!" मी म्हणाले. "नजर लागेल कुणाची!"

ती अशी काही आनंदली! "मग आता नव्या स्वयंपाकघरातला पहिला चहा तुझ्या हातचा."

झालं! मी म्हटलं, "मी का? मला काय माहीत तू कुठे काय ठेवलंयस? आज मी पाहुणी."

"अगं, ते काय, तिथेच तर आहे," ती म्हणाली. हात कुणीकडे केला देव जाणे. तेवढ्यात जावयाचा फोन आला आणि ती पाठ फिरवून त्याला भिंतीचं वर्णन सांगू लागली. मी संधी साधली. बरण्या उघडून वास घेतला, चहापत्ती सापडली. दुसरीतला कण जिभेवर ठेवला, मीठ. तिसरीत साखर. पातेलं मिळालं. गाळणीसाठी हात वर नेला तर बोट पात्यावरून गेलं.

"काय झालं गं?" तिने फोनवरूनच विचारलं.

"काही नाही, चटका बसला." बोट तोंडात धरून मी चहा ओतला. चहा चांगला झाला होता. तिने कप संपवला, मग मला भिंतीसमोर उभी करून फोटो काढले. स्वतःही शेजारी उभी राहिली आणि मोबाईल लांब धरून पुन्हा काढले.

संध्याकाळी निघताना तिने मला मिठी मारली. "मला उगाच काळजी वाटत होती. तू एकदम मस्त आहेस."

रिक्षाचा आवाज वळणावर विरला. मी दार लावलं. जिंकले होते मी. आता वर्षभर तरी दिवाणाचं नाव निघणार नव्हतं. खुर्चीवर बसले आणि मला रडूच फुटलं. लहानपणी शाळेतून येऊन ही जिना चढायला लागली की पावलांवरून मला कळायचं, आज मार्क कमी पडलेत. आणि ही दोन दिवस माझ्यासमोर बसली, माझ्या हातचं जेवली. एकदा तरी विचारायचं होतंस गं, "आई, तुझ्या डोळ्यांना काय झालंय?" मी नाहीच म्हटलं असतं, भांडलेही असते. पण विचारायचं होतंस.

अंधार पडायच्या सुमाराला फोन वाजला. तीच. गाडीत जागा मिळाली म्हणून सांगत होती.

"आणि फोटो काय सुंदर आलेत, आई! भिंत तर मासिकातल्यासारखी. पण तू एकाही फोटोत माझ्याकडे बघत नाहीयेस. सगळ्यांत आपली बाजूला, खिडकीकडे. भांडी हलवली म्हणून रुसलीस की काय?"

मधलं गेलं की समोर बघून समोरचं दिसत नाही. तिचा चेहरा बघायचा तर नजर तिच्या कानापलीकडे लावावी लागते. मग कडेने येतो चेहरा, पुसट, पण तिचाच. ती कपाळावरचे केस मागे सारते ते दिसतं, हसते तेही दिसतं. दोन दिवस मी डोळे भरून तेवढंच बघून घेत होते.

"तुझ्याकडेच बघत होते गं," मी म्हणाले, आणि थांबले. मनात म्हटलं, आता विचार.

"हो, हो, दिसतंय ना फोटोत!" ती हसली. "बरं, ठेवते. गाडी सुटली. जेवून घे."

फोन बंद झाला. मी स्वयंपाकघरात गेले, दिवा न लावता भिंतीसमोर उभी राहिले आणि वरच्या रांगेतल्या पहिल्या हुकाला हात लावला. उलथणं होतं. "उलथणं," मी मोठ्याने म्हणाले, आणि हात पुढच्या हुकावर नेला.