आत मास्तर आहेत

"जागा नाही म्हणजे नाही. पेटी आहे ती, गोदाम नव्हे," स्टुलावर उभ्या राहिलेल्या काकू म्हणाल्या. म्हणाल्या वर्गात, पण ऐकू गेलं पार फाटकापर्यंत. काकूंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या यंत्रांच्या खडखडाटात गेलेली. हळू बोलणं असा काही प्रकार असतो हे त्या ऐकून होत्या, करून कधी पाहिलं नव्हतं.

"थोडेच धडे आहेत हो काकू," बाई खालून म्हणाल्या. स्टुलाचा एक पाय लंगडा, म्हणून दोन्ही हातांनी त्यांनी तो धरून ठेवला होता. बाई या शाळेत नव्या, वयाने काकूंच्या लेकीएवढ्या.

"थोडे? अख्खी पहिली रेकॉर्ड करून ठेवलीय तुम्ही. कुठे कोंबू?"

पेटी म्हणजे भिंतीवर उंच ठोकलेला प्लास्टिकचा डबा, विजेच्या मीटरला असतो तसा. एका बाजूला हवेसाठी भोकं, दुसऱ्या बाजूला बोटभर एरियल. आत कुणीतरी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरचं काळीज, दुसऱ्याच कुणाच्या लॅपटॉपची डिस्क आणि वीज गेली तर तग धरायला स्कूटरची बॅटरी. खाणीपलीकडच्या या शाळेत इंटरनेट नाही. फोनला रेंज हवी तर पाण्याच्या टाकीवर चढायचं, आणि चढूनही मिळेलच असं नाही. म्हणून जगात जे शिकण्यासारखं आहे त्यातलं कामाचं तेवढं पेटीत भरून ठेवायचं आणि मुलांनी आपापल्या टॅबवर ते पेटीतून घ्यायचं. काकू महिन्याकाठी बसने यायच्या, नवे धडे भरायच्या, जुने काढायच्या, धूळ झटकायच्या. आसपासच्या कितीतरी शाळांत त्यांच्या अशा पेट्या होत्या आणि त्यातली एकही बंद नव्हती, हे त्या कुणी न विचारताही सांगत.

प्रत्येक पेटीच्या झाकणावर एक चिठ्ठी होती. 'हळू बोला. आत मास्तर आहेत.' अक्षर मास्तरांचं, म्हणजे काकूंच्या यजमानांचं. ते गणित शिकवायचे. पेट्यांची कल्पना दोघांची. काकू तारा जोडायच्या, मास्तर कॅमेऱ्यासमोर उभं राहून धडे सांगायचे. ती चिठ्ठी मुलांसाठी आहे असं मास्तर तोंडाने म्हणत, पण ती कुणासाठी आहे हे घरात आणि शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंनाही ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी ती कधी मनावर घेतली नाही.

मास्तर नोकरीत असतानाच गेले. सकाळी शाळेत गेले आणि दुपारी निरोप आला. निवृत्तीचा समारंभ नाही, भाषण नाही, शाल पांघरून फोटो नाही, काही नाही. पण पेट्यांमध्ये त्यांचे धडे चालू राहिले. कुणी हळहळलं की काकू म्हणत, "हळहळू नका. आमचे मास्तर अजून ड्यूटीवर आहेत." असं म्हटलं की त्यांना खरंच बरं वाटायचं.

"मोठी डिस्क नाही का बसवता येणार?" बाईंनी विचारलं.

"बसवून बघितली. ओळखतच नाही. जुन्या सामानाची पेटी आहे, म्हाताऱ्या माणसासारखं तिचं. पचेल तेवढंच खाते."

"मग काहीतरी काढा ना."

"काढते की. माझा नियम ठरलेला आहे. जे कुणी बघत नाही ते जातं. रडारड नाही, वशिला नाही. इतिहासाचे धडे काढले तेव्हा तुमचे इतिहासाचे सर महिनाभर फुगून बसले होते माझ्यावर. मी म्हटलं, फुगा. मोजणी मी करत नाही, पेटी करते."

हे खरं होतं. कुठला धडा किती वेळा लागला हे पेटी मोजून ठेवायची. ही सोय काकूंनीच बसवली होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता.

बाईंनी स्टूल सोडलं नाही, पण आवाज जरा घट्ट केला. "काकू, माझ्याकडे पहिली आणि चौथी एकाच खोलीत बसतात. मी चौथीकडे वळले की ही बारकी भिंतीकडे बघत बसतात. वर्ष संपत आलं आणि निम्म्यांना स्वतःचं नाव वाचता येत नाही. दुसरीत गेल्यावर त्यांच्यासाठी कुणी थांबणार नाही. मी चौथीला शिकवत असताना टॅबमधली मी त्यांना वाचायला लावेन, एवढंच करायचंय मला. अडगळीच्या खोलीत, डस्टरला फोन टेकवून केलेत हो धडे. घसा बसला माझा."

काकूंना ती आवडली. आपल्याशी अशी तोंड वर करून बोलणारी माणसं त्यांना आवडत, कारण तशी फारशी उरली नव्हती.

"बघू या," त्या म्हणाल्या आणि खाली उतरून बाकावर बसल्या. आपला टॅब पेटीला जोडून त्यांनी मोजणी उघडली. "हे बघा. ग्रहताऱ्यांची चित्रं. हात लावायचा नाही, सातवीची पोरं जीव टाकतात. गोष्टी, चालतात. विज्ञानाचे प्रयोग, चालतात. आणि हा बघा पहिला नंबर." त्यांनी टॅब बाईंच्या पुढ्यात सरकवला. "अपूर्णांक, आमचे मास्तर. इतकी वर्षं झाली, अजून कुणी जवळपास फिरकत नाही. आहे कुणाची हिंमत?"

बाईंनी आकडा बघितला, काकूंकडे बघितलं आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या.

"काय झालं?"

"काही नाही."

"बोला. मला पोटात ठेवलेलं आवडत नाही. माझंही आणि दुसऱ्याचंही."

"राग मानू नका," बाई म्हणाल्या. "पुस्तक बदलल्यापासून अपूर्णांक वेगळ्या पद्धतीने शिकवतात. मास्तरांचे धडे इथे कुणी लावत नाही. मी नाही, सर नाहीत, मुलं तर नाहीतच."

"मग हा आकडा काय आभाळातून पडला?"

"तुम्हीच लावता ना काकू, तपासायला."

काकू हसल्या. हसल्या खऱ्या, पण ते हसू अर्ध्यावरच थांबलं.

काम झालं की सगळे टॅब बाकावर ओळीने मांडायचे आणि एकेका टॅबवर मास्तरांचा अपूर्णांकाचा धडा लावून बघायचा, ही काकूंची वर्षानुवर्षांची पद्धत. मास्तर त्यात वर्तमानपत्राची घडी घालतात. घडीची रेघ स्पष्ट दिसली म्हणजे चित्र ठीक. कागदाची चुरचुर ऐकू आली म्हणजे आवाज ठीक. पुढे एके ठिकाणी ते पाव म्हणायच्या ऐवजी अर्धा म्हणतात, थबकतात, आणि कपाळाला हात लावून म्हणतात, "थांबा, चुकलो. माझं चुकलं हं, कागदाचं नाही." तिथपर्यंत धडा न अडकता आला की टॅब पास. एक टॅब झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. आणि पेटी बिचारी इमानेइतबारे प्रत्येक वेळ मोजत बसलेली. जिने मोजणी बसवली तिलाच मोजणीतून वगळायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या कुणी अशी चूक केली असती तर काकूंनी त्याला वर्षभर पुरेल एवढं ऐकवलं असतं.

आणि ही काही एका शाळेची गोष्ट नव्हती. हे त्यांच्या लगेच लक्षात आलं, नको असताना आलं. सगळ्या शाळांत त्या हाच धडा लावत होत्या. सगळ्या पेट्यांत मास्तर पहिले होते आणि सगळीकडे बघणारं माणूस एकच.

"मी पाणी आणते," बाई म्हणाल्या आणि मुद्दाम लांबच्या माठाकडे गेल्या.

काकू बाकावर बसून राहिल्या. बाक पहिलीचा, गुडघे पार छातीपाशी आलेले. फार वाईट वाटलं त्यांना. मास्तर गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं, रडायलाही फुरसत मिळाली नव्हती. आज या रिकाम्या वर्गात फुरसतच फुरसत होती. घरी धड्यांची एक प्रत होती, ती कुठे जात नव्हती. पण घरात जपून ठेवलेले मास्तर म्हणजे भिंतीवरच्या फोटोतले मास्तर. शाळेत चालणारे मास्तर म्हणजे कामावर गेलेला माणूस. संध्याकाळ झाली तरी अजून यायचाच आहे, एवढंच. ते 'ड्यूटीवर आहेत' लोकांना सांगता सांगता त्यांनी स्वतःलाच पटवून ठेवलं होतं.

बाई तांब्या घेऊन परत आल्या. "काकू, मी विचार केला. मास्तरांचे राहू द्या. माझे निम्मेच भरा. निम्म्यात भागवेन मी."

"निम्मी पोरं वाचतील आणि निम्मी भिंत बघतील, असं?"

बाईंनी तांब्या काकूंच्या हातात दिला.

"मग असं करू या," त्या म्हणाल्या, "काढण्याआधी एकदा सगळ्या वर्गाला मास्तरांचा धडा दाखवू या. मुलांना आवडेल. तेवढाच मान."

काकूंनी पाण्याचा घोट घेतला आणि मान हलवली. "नको. पोरं कंटाळली तर मला बघवणार नाही. आणि नाही कंटाळली तर मला काढवणार नाही."

एवढं बोलून त्या उठल्या. गुडघ्यांनी तक्रार केली, तिच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. टॅब हातात घेऊन मास्तरांचे सगळे धडे एकत्र निवडले. अपूर्णांक आणि त्याच्या आकड्याच्या जोरावर टिकून राहिलेले क्षेत्रफळ, वेळ आणि काम, सगळे. पेटीने विचारलं, नक्की काढायचे? असं विचारायला तिला काकूंनीच शिकवलं होतं, कारण घाईत माणूस भलतंच करून बसतो. आज त्यांना पेटीचा जरा रागच आला.

"नक्की," त्या तोंडाने म्हणाल्या आणि बोट टेकवलं.

यंत्राला कसली हळहळ. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच एवढी जागा मोकळी झाली, की बाईंची पहिली आरामात पाय पसरून बसावी. काकूंनी बाईंचा फोन जोडला आणि धडे आत जाऊ लागले. दोघी पुढे सरकणाऱ्या पट्टीकडे बघत बसल्या. बाईंना डोळे पुसायचे होते, पण काकू पुसत नव्हत्या म्हणून त्यांनीही पुसले नाहीत.

काम झालं. काकूंनी सवयीने टॅब ओळीने मांडले, पहिला उचलला आणि बोट वरच्या ओळीकडे गेलं. वर आता ग्रहतारे होते. बोट तसंच हवेत राहिलं.

"आता तपासायला काय लावू?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला विचारला नव्हता.

"माझा लावा," बाई म्हणाल्या आणि लाजल्या. "पण हसू नका. मध्येच शिंक आलीय मला. काढायची राहिली."

"राहू दे. शिंक ऐकू आली की आवाज पास."

धडा लागला. टॅबमधल्या बाई अडगळीच्या खोलीत उभ्या राहून, बसलेल्या घशाने, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होत्या. मधली सुट्टी संपली होती. बारकी दारात येऊन थबकली. भिंतीजवळ एक बाई आणि टॅबमध्ये तीच बाई, हे बघून त्यांनी आ वासला. टॅबमधल्या बाईंनी विचारलं, "आता हे कोण वाचतंय?" तशी दारातली एक चिमुरडी हात वर करून मोठ्याने म्हणाली, "मी." आणि कुणी बोलावलेलं नसताना येऊन, काकूंच्या मांडीला रेलून, वाचायला लागली. चुकत होती, पुन्हा मागे जाऊन वाचत होती. टॅबमधल्या बाई शिंकल्या तेव्हा सगळा वर्ग खिदळला. ती तेवढी हसली नाही, तिला पुढचा शब्द हवा होता.

काकूंनी सगळे टॅब तपासले. एकही नापास झाला नाही.

मग त्या पुन्हा स्टुलावर चढल्या, झाकण बसवलं, स्क्रू पिळले आणि खिशातून पेन काढलं.

"काकू, चिठ्ठी राहू द्या ना," बाई खालून घाईघाईने म्हणाल्या. "तिला कुठे जागा लागतेय?"

"पेटीवर खोटं लिहिलेलं चालणार नाही मला. उद्या कुणी उघडून बघितलं तर?" काकू म्हणाल्या. त्यांनी 'मास्तर' या शब्दावर एकच सरळ रेघ मारली, वाचता येईल इतकी बारीक. वर आपल्या अक्षरात 'बाई' लिहिलं. बाकीचं मास्तरांचं तसंच ठेवलं. रुमालाने झाकण पुसलं, कोपरे पुसले आणि थोडा वेळ तळहात झाकणावर टेकवून ठेवला. आत पंखा बारीक घुमत होता.

तेवढ्यात शिपाईमामा दारात आले. काकूंशी बोलायचं म्हणजे आवाज चढवूनच बोलायचं, अशी सवय त्यांना लागलेली.

"झालं का काकू? बस आलीय बघा फाट्यावर," ते दारातून ओरडले.

काकू स्टुलावरून हळूच उतरल्या, पिशवी खांद्याला लावली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मामांना पुढे वाकून ऐकावं लागलं. "आत बाई आहेत."