चौथ्या टाकीतले सव्वीस

चौथ्या टाकीच्या काठावर दोन्ही हात टेकून संशोधक बाईंनी तिसऱ्यांदा मासे मोजले. सव्वीसच.

सोडले होते पंचवीस. आधी लस टोचून, मग महिन्याभराने रोगाचा विषाणू टोचून. नऊ दिवसांत त्यांतला एकही दगावला नव्हता. जास्तीचा मासा तळाशी कलंडला होता. अंग काळवंडलेलं, डोळे बाहेर आलेले. हा दोन नंबरच्या टाकीतला, लस न देता नुसता विषाणू टोचलेला. त्याच्याबरोबरचे चोवीस मेल्याची नोंद वहीत होती.

"काका, हा इथे कसा?"

माशांना खाणं घालणाऱ्या काकांनी हातातला पाइप सावकाश खाली ठेवला.

"परवा सकाळी मीच आणला. एकटा उरला होता. मी दिसलो की वर यायचा बिचारा. म्हटलं, चार नंबरचं पाणी चांगलं दिसतंय, इथे कुणी मरत नाही."

"पाणी दोन्हीकडे एकाच नळाचं आहे."

"मला कोण सांगतंय, बाई? मी आपला खाणं टाकणारा."

ते खरं होतं. कुठल्या टाकीत काय, हे त्यांना मुद्दामच सांगितलेलं नव्हतं. पण आता हा प्रयोग कुणी ग्राह्य धरणार नव्हतं. तीन वर्षांचं काम. बाई बोलायला वळल्या आणि थांबल्या.

परवा सकाळपासून. म्हणजे दोन दिवस त्या माशाच्या अंगातून विषाणू या पाण्यात सुटत होता. तळ्यात रोग पसरतो तो असाच. तिथे कुणी सुई घेऊन येत नाही. सुईने दिलेला विषाणू पचवणारे मासे या पाण्यात टिकतील का, हे अजून कुणी पाहिलेलं नव्हतं.

बादली उपडी करून त्या तिच्यावर बसल्या. पंचवीस मासे आजाऱ्याला वळसा घालत फिरत होते, तेच पाणी कल्ल्यांतून आतबाहेर करत. एकाने तर त्याच्या तोंडापुढचा दाणा पळवला.

"यांना दिलंय तरी काय?" काकांनी विचारलं.

"विषाणूचं नुसतं कवच. तेही यीस्टकडून बनवून घेतलेलं. आत काही नाही."

"म्हणजे चोर दाखवलाच नाही, नुसता त्याचा सदरा दाखवला."

"हो."

"आणि तेवढ्यावरून ओळखला?"

"तेवढ्यावरून." बाईंचा आवाज एकदम खाली आला. हेच त्यांनी कितीदा लिहिलं होतं, कितीदा लोकांसमोर सांगितलं होतं. आता त्या नुसत्या बघत राहिल्या.

मग त्यांनी वही ओढली आणि लिहिलं : टाकी चार, सव्वीस. खाली कारणही लिहिलं.

"माझी नोकरी जाईल?"

"नाही. पण सगळं पुन्हा करायचं. या वेळी आजारी मासे आपणच सोडायचे, दोन्ही टाक्यांत."

"म्हणजे लस नसलेले पंचवीस पुन्हा..."

"हो, काका. या वेळी तुम्हाला आधीच सांगून ठेवते, कुठल्या टाकीत कोण ते."

काकांनी खाली ठेवलेला पाइप पुन्हा उचलला.

"नका सांगू," ते म्हणाले. "मग सगळ्यांना सारखं खाणं घालता येतं."