छताची मधली फळी

ताईला गोवर निघाला आणि तिचे शाळेत नाव घालायचे एक वर्ष पुढे गेले, त्या वर्षी मी तयार झाले. मित्रांनो, मी एका जुन्या गाडीच्या छताची मधली फळी आहे. गाडी साधी नव्हे. तिच्यात झोपायला जागा आहे, शेगडी आहे, भांडी ठेवायचा खण आहे. लोक तिला कॅम्पर म्हणतात. ताईच्या घरात मात्र तिला नुसते 'गाडी' म्हणत, कारण दुसरी गाडी त्यांच्याकडे कधी नव्हतीच.

मी अखंड लाकडाची नाही. कारखान्यात ओंडका फिरवत त्याचे पातळ पापुद्रे काढले, तीन पापुद्रे एकावर एक चिकटवले आणि दाबाखाली ठेवले. माझा वरचा थर पोस्टकार्डाएवढाच जाड आहे. छताला बाक होता आणि मी सरळ होते, म्हणून गाडी बांधणाऱ्यांनी मला पाणी मारून नरम केले. मग दोघांनी हातांनी आणि चक्क डोक्यांनी मला वर दाबून धरले आणि तिसऱ्याने स्क्रू पिळले. "आवर लवकर, मान मोडतीये माझी," असे त्यातला एक म्हणाला. जगात मी ऐकलेले पहिले वाक्य ते. पुढे चालकाच्या डोक्यावर एक फळी बसली, मागे शेगडीवर एक, आणि मधे बिछान्यावर मी.

ताईचे बाबा मधमाश्या पाळत. फुले जिकडे उमलत तिकडे पेट्या न्याव्या लागत. पेट्या मागे जोडलेल्या ट्रॉलीत आणि माणसे माझ्याखाली. मी खूप फिरले. पण छताच्या वाट्याला खाली बघणेच येते. एवढी वळणे घेतली, एवढे पूल ओलांडले, आणि पाहिले काय, तर आडवी पडलेली माणसे. बाकी सगळे मी आवाजावरून ताडत असे. चाकांचा आवाज पोकळ झाला की पूल. बाबा बोलायचे थांबले की घाट. ताई "पाणी, पाणी" करू लागली की नदी किंवा समुद्र. त्यातले नक्की कोणते, हे मला कधी कळले नाही. माणसे जे बघायला एवढी खिडकीशी धावतात ते असते तरी कसे, याचा विचार करण्यात माझा प्रवास सरायचा.

हंगाम संपून मध काढून झाला की पोळ्यांचे मेण उरे. ताईची आई ते वितळवून फडक्यातून गाळी, हातात ताईचा जुना मोजा चढवी आणि बिछान्यावर उभी राहून मला घाशी. पुढच्या-मागच्या फळ्यांपर्यंत तिचा हात नीट पोचत नसे, म्हणून त्यांच्यावर कारखान्यातले वार्निशच राहिले. मला मात्र दर वर्षी मेण.

"अहो, या बघायला. तोंड दिसतंय यात."

"माझं नको दाखवू. दाढी वाढलीय."

शेजारची बाई एकदा आत डोकावली आणि म्हणाली, "आमचं जेवायचं टेबलसुद्धा एवढं चमकत नाही गं."

"तू टेबलाखाली झोपत नाहीस ना, म्हणून," आई म्हणाली. दोघी हसत बसल्या. मला तेव्हा फार बरे वाटले.

ताई मोठी झाली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. गाडीत दोघेच उरले. मग आईचे डोके दुखू लागले. डॉक्टरांनी औषधे दिली, पण ती घरी राहायला तयार होईना. सूर्यफुलांच्या हंगामाला ती गाडीत आली आणि दिवसभर माझ्याखाली पडून राहू लागली. पूर्वी ती माझ्याकडे बघत पडायची. आता ती हात डोळ्यांवर आडवा घेऊन पडत असे. असे का, हे मला कळेना.

एका दुपारी बाबा फोमची गुंडाळी, जाड तपकिरी कापड आणि गोंदाचा डबा घेऊन आत आले.

"हे काय काढलंत?" आईने विचारले.

"छत गळतंय. झाकून टाकतो."

आईने हात बाजूला केला. थोडा वेळ ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गोंद नीट लावा. नाहीतर परत गळेल."

बाबांनी तिन्ही फळ्या झाकल्या. माझ्यापुढे अंधार झाला.

मित्रांनो, मी कधीही गळले नव्हते. माझ्यावर पत्रा होता, त्याचे सांधे शाबूत होते, आणि माझ्यातून एक थेंब कधी कुणाच्या नाकावर पडला नव्हता. मग बाबा असे का म्हणाले? आणि आईनेही त्यांच्या हो ला हो का मिळवावे? तिने तर माझ्या इंच न् इंचावर हात फिरवलेला होता. फोमच्या आडून ऐकू कमी येई. त्यामुळे मला दुसरे काम नव्हते; हा एकच प्रश्न मी उलटून पालटून बघत असे.

सूर्यफुले संपण्याआधी ताईची आई गेली. ते मला कुणी सांगितले नाही. सकाळी ओट्यावर दोन कप ठेवल्याचा आवाज यायचा, तो एकाचाच येऊ लागला.

पुढे बाबांनी गाडी शेडमध्ये लावली. कुणी मागायला आले, कुणी विकता का विचारले, की ते म्हणत, "छत गळतं हो तिचं." हळूहळू सगळ्या गावाला ते पाठ झाले. ताईलाही. वर्षे गेली. उंदराने माझ्यावरच्या फोममधे घर केले, त्याला पिल्ले झाली, पिल्लांना पिल्ले झाली.

एके दिवशी माझ्यावरचे कापड टरकावले गेले आणि उजेड आला. खाली एक बाई तोंडाला रुमाल बांधून उभी होती, केस बरेच पिकलेले. ती ताई आहे, हे मी तिच्या शिंकण्यावरून ओळखले. तिच्याबरोबर एक सुतार होता. त्याला तर सर्दीच झाली होती.

झाले होते असे. बाबा आता खूप थकले होते, पेट्या देऊन टाकल्या होत्या. हृदय कमजोर आहे, असे डॉक्टर म्हणाले होते. बाबांनी एकच गोष्ट मागितली होती: एकदा सूर्यफुलांत जाऊन राहू या. आणि जायचे ते याच गाडीतून, हे ताईने ठरवले होते. इंजिन दुरुस्त झाले होते. छत राहिले होते. फुले तर उमलायला लागली होती.

सुताराने स्क्रू काढून आम्हाला अंगणात आणले आणि भिंतीला टेकवून ठेवले. मित्रांनो, मी पहिल्यांदाच वर पाहिले. एवढे मोठे निळे छत, आणि त्याला कुठेही स्क्रू नाही. ते कुणी दाबून धरले असेल, आणि त्याच्या मानेचे काय झाले असेल, असे माझ्या मनात आले.

वाळलेला गोंद सुताराने हलक्या हाताने खरवडला. वरचा थर पातळ म्हणून तो पॉलिश पेपरही जपून मारी. पुढच्या-मागच्या फळ्यांवर वार्निश छान बसले. माझ्यावर मात्र ते जागोजाग गोळा होऊन राहिले, जसे तेलकट ताटावर पाणी. त्याने पुसले, पुन्हा लावले. पुन्हा तेच.

त्याने मला बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. "आवाज तर खणखणीत आहे. पण ताई, छत गळत होतं म्हणता ना?"

"हो, बरीच वर्षं. बाबा तेच सांगतात."

"मग आत ओल मुरलीय. ही काही पॉलिश धरणार नाही. नवीन टाकू. हिच्यावरून माप घेतो, उद्या बसवून देतो."

ताईने माझ्यावरून हात फिरवला. तिची बोटे माझ्या एका गाठीपाशी थांबली. लहानपणी झोप येत नसे तेव्हा ती त्या गाठीला उंट म्हणायची. "दुसरा काही उपाय नाही का, काका? आई हिच्याखाली झोपायची."

"घासत बसलो तर थर फाटेल. आणि तुमची फुलं काही माझ्यासाठी थांबणार नाहीत."

ताईने हात काढून घेतला. "बरं, टाका नवीन."

सुताराने कोरी फळी जमिनीवर आडवी केली, तिच्यावर मला ठेवले आणि माझ्या कडेने पेन्सिल फिरवू लागला. आपली जागा घेणारीला आपल्याच अंगाचे माप द्यावे लागते, हे मला नवीन होते.

तेवढ्यात बाबा काठी टेकत अंगणात आले. "ती फळी का काढली?"

"बाबा, ती गळून आतून खराब झालीय. पॉलिश धरत नाही."

बाबा खुर्चीत बसले. काठी दोन्ही गुडघ्यांमधे धरली. "गळत नव्हतं," ते म्हणाले.

"काय गळत नव्हतं?"

"छत. कधीच गळलं नाही."

सुताराची पेन्सिल थांबली.

"तुझ्या आईला शेवटी शेवटी उजेड सोसत नव्हता. खिडकीतला उजेड या फळीवर पडायचा आणि तिथून तिच्या डोळ्यांत. पडदा लावला तर तिचा जीव कोंडायचा. आणि चकाकी आणलेली कुणी, तर तिनेच. वर्षानुवर्षं मेण घासून. ती मला 'फळी झाका' म्हणाली नसती. मी झाकतो म्हटलं असतं तर नको म्हणाली असती. म्हणून म्हटलं, गळतंय."

"आणि आईला ते खरं वाटलं?"

"त्या उन्हाळ्यात पावसाचा टिपूस नव्हता, ताई. तुझी आई काय खुळी होती का?"

ताई बाबांच्या पायाशी बसली. मला मात्र त्या दुपारचे आईचे बोलणे आता पुरते कळले.

सुताराने नाक शिंकरले. "अहो बाबा, मेण लावलंय हे आधी सांगायचं की. मेणावर वार्निश बसेल कसं? एरवी मी वासावरूनच ओळखलं असतं, पण या फोमच्या धुळीने नाक पार चोंदलंय." त्याने मला उचलून कोऱ्या फळीवरून खाली घेतले आणि माझ्यावरचे वार्निश टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून काढले. "हिला काही झालेलं नाही. मेणच लावू. पण चकाकी आणायची की मंद ठेवायची, तेवढं सांगा."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. "आण," ते म्हणाले. "तिला आवडायची."

मेण ताईने घासले. मला जुन्याच जागी, जुन्याच भोकांतून स्क्रूंनी बसवले. दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. शेताच्या कडेला गाडी उभी राहिली आणि ताईने दार सताड उघडले. बाबा माझ्याखाली आडवे झाले. खाली सगळीकडून पिवळा उजेड आत आला आणि माझ्यावर पसरला. सूर्यफूल दिसते कसे, हे मला आजही माहीत नाही. त्याचा रंग तेवढा कळला. बाबा डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होते.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू झाकून ठेवलेली असेल, तर ती बिघडली असेच धरून चालू नका. टाकून देण्याआधी तिच्यावरचे कापड काढा, तिला पुसा, आणि ती कुणी झाकली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मात्र वेळेवर विचारा.

ताई नोकरीतून निवृत्त झाली त्याच वर्षी, सूर्यफुलांच्या शेतावरून परतल्यावर पुढच्या महिन्यात, बाबा सकाळी चहाच्या आधी वारले.