पिंजणीची खुंटी खाली आली

मित्रांनो, मी पिंजण. म्हातारी म्हणा, हरकत नाही, पण मला स्वस्थ बस म्हणू नका. तो गुण माझ्यात नाहीच. पिंजण म्हणजे कापूस पिंजायची कमान. शिवणीच्या लाकडाचा लांब दांडा आणि त्यावर ताणून बांधलेली बकऱ्याच्या आतड्याची तात. तातीवर लाकडी दस्ता हाणला की ती थरथरते आणि जुन्या गादीतला दगड झालेला कापूस भुरभुर वर उडतो. थरथरणं हाच माझा धंदा. गप बसले असते तर बाबूभाईच्या घरची चूल पेटली नसती.

बाबूभाई म्हणजे नागभीडचा पिंजारी. माझ्यासमोर रांगला, म्हणून मी त्याला अरे-तुरेच करते. मला खांद्याला अडकवून तो सायकलवर खेडीपाडी हिंडायचा. आता आमचा रिवाज ऐका. भाजीवाला ओरडतो, भंगारवाला ओरडतो, पिंजारी मात्र तोंड उघडत नाही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून तातीला बोटाने छेडतो. टणं! की दारं उघडतात आणि बायका गाद्या कवेत घेऊन हजर. मासोळ्या विकणारी रुखमा तर हातातलं काम टाकून यायची. "आली गा बाबूभाऊ, आली!" असं लांबूनच ओरडायची. काय माझा थाट होता तेव्हा!

मग बाबूभाईच्या घरात लेक जन्मली, आफ्रीन. घरोघरी टीव्हीचे अँटेने लागत होते, तो काळ. पोरगी गोरीगोमटी, पण मान धरेना, बसेना. तिच्या बरोबरीची पोरं शाळेत निघाली तेव्हा ही भिंत धरून उभी राहायला शिकली. बोलणं तर नाहीच. तिची आई हाजरा तिला घेऊन कुठं कुठं नाही गेली! ताईत झाले, दर्गे झाले, नागपूरचा मोठा दवाखानाही झाला. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, पण वाढ सावकाश होईल आणि बोलणं येईलच असं सांगता येत नाही. त्या दिवशी हाजरा घरी आली ती माझ्या खुंटीखालीच भिंतीला टेकून बसली. "एकदा तरी मले अम्मी म्हणून बोलाव वो," एवढंच ती पोरीला म्हणाली.

बाबूभाई पोरीला ओढणीने छातीशी बांधून सायकलवर फिरायला न्यायचा. तिला तेवढंच बरं वाटायचं. मी वाजले की ती मान वाकडी करून दारांकडे टक लावायची. लोक म्हणत, पोरगी आवाजाला भाळते. मीही तेच समजले होते, खोटं कशाला बोलू!

पुढे ती अंगाने वाढली, सायकलवर मावेना. घरामागेच रेल्वेचे रूळ. एकदा ती लडखडत थेट रुळांपर्यंत गेली आणि गोविंदा गँगमनने तिला उचलून आणलं म्हणून वाचली. तेव्हापासून हाजराला घरकामाला लागायचं असलं की ती पोरीचा पाय लुगड्याच्या चिंधीने खाटेच्या पायाला बांधायची. बांधताना स्वतःच रडायची. शेजारणी म्हणत, "जनावरावानी काऊन बांधता वो?" पण घटकाभर सांभाळायला कोणी येत नसे. बोलायला काय जातं!

मी खाटेच्या वर खुंटीवर असायचे. बांधली की आफ्रीन हात उंच करून तात छेडायची. टणं, टणं, टणं! हाजरा ओल्या हाताने धावत यायची, एक धपाटा द्यायची आणि मला आणखी वरच्या खुंटीवर टांगायची. मग पोरगी डोकं खाटेवर आपटायची. फेरीहून आला की बाबूभाई मला पुन्हा पहिल्याच खुंटीवर अडकवायचा. असं किती दिवस चाललं! एके दिवशी मी नीट पाहिलं. ती तात छेडून माझ्याकडे बघतच नव्हती. दाराकडे बघत होती! अगं बाई, ही तर बापाचा रिवाज पाळते आहे. तात वाजली की माणसं येतात, हे तिने सायकलवरून बघून ठेवलंय. मला कळलं, पण मी सांगू कशी? तिला वाचा नाही आणि मलाही नाही. मी वरच्या खुंटीवर नुसती तडफडत राहिले.

त्यातच बाबूभाईने कापूस पिंजायचं विजेचं मशीन आणलं. बाहेरच्या खोलीत त्याची घरघर सुरू झाली आणि माझा धंदा बसला. पोरगी कान दाबून किंचाळायची, पण पोटापुढे कोण काय करणार? एका सकाळी बाबूभाईने मला खाली काढलं आणि खाटेला टेकवलं. "एवढी गादी काढतो, मग हिले फोडून चुलीत घालू. उगा जागा अडवून राह्यली," म्हणाला. मित्रांनो, चुलीची भीती मला नव्हती असं नाही. पण त्याहून मोठी भीती होती. मी जळले की पोरीची हाकही जळणार होती.

हाजरा पोरीला बांधून परसात कपडे धूत होती. रुखमा आपली गादी बाहेरच्या खोलीत टाकून स्वतःच्या घराकडे वळली होती. आणि लाईट गेली. मशीन बंद. घर चिडीचूप झालं. आफ्रीनने हात लांबवला आणि मला छेडलं. टणं!

रुखमाचे पाय जुन्या सवयीने माघारी फिरले. "आली गा, आली!" म्हणत ती थेट आतल्या खोलीत आली. पोरीने छेडणं थांबवलं. रुखमाचा हात धरला आणि पायाच्या गाठीवर नेऊन ठेवला.

हाजरा धावत आली. "रुखमाबाई, आत कायले आलात?"

"तुमीच बोलावलं ना?"

"मी नाई वो. ते पोरगी छेडते दिवसभर. उनाड आहे."

"छेडते कायची! बोलावून राह्यली ना व माय! ताती वाजली का आमी नाई येत का? पाहा ना, गाठ सोड म्हणते."

हाजराला पटेना. तरी खरंखोटं पाहायला ती रुखमाला घेऊन परसात गेली आणि भिंतीआड उभी राहिली. माझी तात तर भीतीनेच कापत होती. छेड गं बाई, आता नको थकूस! आफ्रीनने दाराकडे पाहिलं आणि छेडलं. हाजरा आत आली, पहिल्यांदाच धपाट्याशिवाय. पोरीने तिचा ओला हात धरला आणि गाठीवर ठेवला.

हाजरा खाटेपाशी बसली. "या अल्ला! इतकी वर्षं पोरगी मले हाक मारून राह्यली, अन् मी दर वेळी हात उगारून आली!" तिने गाठ सोडली आणि पोरीचा पाय मांडीवर घेऊन कितीतरी वेळ चोळत बसली. बाबूभाई कुऱ्हाड घेऊन दारात आला होता, तो तसाच परत फिरला. दुपारी त्याने खाटेजवळ, पोरीच्या हाताला येईल अशी खाली खुंटी ठोकली. मागच्या बाजूला बांबूच्या ताट्यांचं कुंपण घातलं. चिंधी पोतेऱ्याला गेली.

जादू काही झाली नाही हं. आफ्रीन आता माझ्या दांड्याएवढी उंच झाली, पण बोलत नाही. वाईट दिवस असला की अजून डोकं आपटते. हाजराही कधी कधी थकून ओरडते, "थांब ना वो जरा!" पण येते. माझी आतड्याची तात केव्हाच तुटली, आता नायलॉनची आहे. आवाज थोडा चिरका निघतो.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला तेल लावा, असं मी मागत नाही. तुमच्या गल्लीत एखादं लेकरू ताटली बडवत असेल, दार आपटत असेल, तर त्याला गप म्हणण्याआधी जवळ जा आणि ते तुमचा हात कुठे नेतं ते पाहा. माझी एवढीच विनवणी आहे. बरं, आता पुरे करते. पोरीचा हात तातीकडे येतो आहे.

टणं!

"हाव बेटा, आली. अम्मी आली."